मुलीचा गण : शून्य

॥ श्री ॥

निपाणी,
१२ जून १९९४

चि. वसुमतीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण तेच, जे गेली पाच वर्षं आहे. एवढं वाचून तू पत्र मिटशील, म्हणून आधीच सांगते की यावेळचा मुलगा बघण्यासारखा आहे.

इथले आप्पाजी आणि शिवलीलाबाई यांचा धाकटा, दयानंद. तुमच्याच बेंगळूरला असतो, इंदिरानगरात एका कंपनीत कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. काय करतो ते त्याच्या आईला सांगता येत नाही, त्याअर्थी पगार चांगला असावा. वय एकतीस. चष्मा आहे, केसही आहेत. माझ्या शिवणक्लासात त्याची वहिनी येते, तिच्या ब्लाऊजच्या मापाबरोबर मी घरातली सगळी मापं काढून घेतली. माणसं चांगली आहेत, फक्त पत्रिकेपुढे त्यांची बुद्धी चालत नाही.

म्हणून मुद्द्याचं. तुझं नक्षत्र चित्रा, म्हणजे राक्षसगण. त्या एका शब्दापायी चार स्थळं दारातून परत गेली हे तुला मी सांगायला नको. मुलगा मनुष्यगणाचा. राक्षसगणाची सून मनुष्यगणाच्या नवऱ्याला खाते असं त्या घरातल्या बायकांचं मत आहे. पुरुषांना मत विचारायची तिथे पद्धत नाही. तेव्हा मी दादाला कळवलं आहे की चित्राच्या जागी हस्त लिही. हस्त चित्राच्या शेजारीच तर आहे. जन्मवेळ थोडी मागे ओढली की मुलगी देवगणात जाते. तू यात तोंड घालू नकोस, तुला खरं बोलायची वाईट खोड आहे.

बेंगळूरच्या हवेत माझी आठवण विरघळू देऊ नकोस.

तुझी आत्या,
सकवार

॥ श्रीभवानी ॥

चामराजपेट, बेंगळूर,
२६ जून १९९४

गं. भा. सकवारबाई हीस फत्तेसिंगाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम.

तू सांगितल्याप्रमाणे वसूच्या माहितीचा कागद आप्पाजींच्या पत्त्यावर परस्पर टाकला. तुझा हेलपाटा वाचावा म्हणून तुझ्याकडे पाठवला नाही. उंची, शिक्षण, नोकरी सगळं सुवाच्य लिहिलं आहे. नक्षत्राचं मात्र तू म्हणालीस तसं लिहायला हात झाला नाही. चाळीस वर्षं मी दुकानांच्या पाट्या रंगवतो. 'शुद्ध तूप' असं हजारदा लिहिलं असेल, पण ते दुसऱ्याचं तूप. स्वतःच्या मुलीचं खोटं लिहायला बसलो तर अक्षराचं वळणच बिघडायला लागलं. म्हणून नक्षत्राची जागा कोरी सोडली आणि गणाचं वसूलाच विचारलं, की अक्का, गण कोणता लिहू. ती आत भात उतरवत होती. म्हणाली, शून्य गण लिहा, कंस काढा आणि आत काही घालू नका. मला स्वल्प आश्चर्य वाटलं. पण ती एम.एस्सी. आहे, विचार करूनच म्हणाली असेल. तसंच लिहिलं. कंस चांगले वळणदार आले आहेत.

प्रकृतीला जप. भावाची आठवण असू दे, राग नको.

तुझा दादा,
फत्तेसिंग

॥ श्री ॥

निपाणी,
९ जुलै १९९४

चि. वसूस आत्याचे आशीर्वाद, स्वल्पच.

दादाचं पत्र माझ्या हातात पडण्याआधी त्याचा कागद आप्पाजींच्या घरी पोचला होता. शिवलीलाबाईंनी मला बोलावणं पाठवलं. मी गेले तर सोप्यात सगळं घर कागदाभोवती बसलेलं. 'गण : शून्य', आणि पुढे दोन वाकडे कंस, आत काही नाही. थोरल्या मुलाचं म्हणणं पडलं की आत लिहिलेलं उंदरानं खाल्लं असेल. मी मनात दादाला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

मग बिंदुमाधव गुरुजींना आणलं. गुरुजींनी चष्मा पुसला, कागद उजेडाला धरला, पाणी मागितलं, पुन्हा कागद धरला. आपल्याला कळलं नाही असं म्हणायची त्यांना चाळीस वर्षांत सवय राहिलेली नाही. शेवटी म्हणाले की हा दाक्षिणात्य भेद आहे, फार दुर्मिळ, लाखात एखाद्या मुलीला येतो. हे कंस नव्हेत, देवीच्या दोन ओंजळी आहेत, आणि मध्ये दोष नाही म्हणून जागा रिकामी. शून्य गण तिन्ही गणांशी जुळतो, असा निर्वाळा देऊन ते केळी घेऊन गेले. शिवलीलाबाईंनी माझ्या हातावर साखर ठेवली. मी खाल्ली. काय करणार?

आता दयानंद तुला बघायला येईल. तू नेमकं काय सांगितलंस दादाला, ते मला कळव. आणि काहीही सांगितलं असलंस तरी त्याच्यावर ठाम राहा.

उत्तराची वाट बघण्याइतकी माझी माया आहे, फार ताणू नकोस.

तुझी आत्या

श्री

चामराजपेट, बेंगळूर,
१७ जुलै १९९४

ती. स्व. आत्यास वसूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी शाळेत, शिक्षकांच्या खोलीत वाचलं ही चूक झाली. इतकी हसले की हेडमास्तरीणबाईंनी पाणी पाठवलं.

अगं, मी अप्पांना लग्नाचं काही सांगितलंच नव्हतं. त्या आठवड्यात आमची तपासणी होती. माझे गणिताचे तक्ते अप्पाच रंगवून देतात, त्यामुळे पुढच्या खोलीतून त्यांनी गण कोणता लिहू असं विचारल्यावर मी तक्त्याचंच समजले. आमच्या कन्नड पुस्तकात 'गण' म्हणजे तुमच्या निपाणीच्या मराठी शाळेतला 'संच'. एकत्र धरलेल्या गोष्टी. चामराजपेटेतल्या गिरण्यांचा गण, आठवड्यातल्या वारांचा गण. त्यातल्या काही उचलून वेगळ्या धरल्या की उपगण. आणि ज्यात एकही गोष्ट नाही तो शून्य गण, तुमचा रिक्त संच. तो दाखवायला कंस काढतात आणि आत काही लिहीत नाहीत. उदाहरण म्हणून मी मुलींना 'सासरी पहिल्या वर्षी गरम जेवलेल्या सुनांचा गण' देणार होते, पण तपासणीला साहेब येणार म्हणून राहिलं.

आता तुझ्या गुरुजींची गंमत ऐक. शून्य गण हा प्रत्येक गणाचा उपगण असतो, हा आमच्याकडचा पक्का सिद्धान्त आहे. तो देवांत बसतो, माणसांत बसतो, राक्षसांतही बसतो, कारण आक्षेप घ्यायला त्याच्यात कोणी नसतंच. मुलींच्या डोक्यात हे शिरायला मला पंधरा दिवस लागतात. गुरुजी अर्धा पेला पाण्यात पोचले. त्यांना आमच्या शाळेत तात्पुरती जागा देता आली तर बघते.

आणि तुमच्या राक्षसांचंही मी मोजलं. नक्षत्रं सत्तावीस. नऊ देव, नऊ मनुष्य, नऊ राक्षस. पंचांग उघडून बघ. एकही नक्षत्र दोन गणांत नाही, एकही बाहेर राहिलेलं नाही. सत्तावीस चिठ्ठ्या टाकून एक उचलली तर राक्षस निघण्याची संभाव्यता एक छेद तीन. म्हणजे दर तीन बायकांमागे साधारण एक राक्षसीण असणार. आमच्या गल्लीत साठ घरं. वीस राक्षसिणी रोज नवऱ्यांना भात-सारू वाढताहेत आणि नवरे ढेकर देऊन पेपर वाचताहेत.

अप्पांनी तुला पुन्हा 'गं. भा.' लिहिलं हे मी पाकीट चिकटवताना पाहिलं आणि त्यांच्याशी भांडले. माणसाच्या नावाआधी त्याचं दुःख लिहायची ही कसली रीत आहे? ते म्हणाले की वळण पडलंय हाताला. मी म्हटलं, मग हात बदला.

माझ्यावरची माया त्या कंसांत घालू नकोस, एवढं मागते.

तुझी,
वसू

श्री

चामराजपेट, बेंगळूर,
८ ऑगस्ट १९९४

ती. स्व. आत्यास शि. सा. न. वि. वि.

काल रविवारी दयानंद येऊन गेले. इंदिरानगरहून दोन बस बदलून आले आणि दुसऱ्या बसमध्ये छत्री विसरले. अप्पांनी त्यांच्याशी पाऊण तास 'ळ' कसा काढावा यावर भाषण केलं. ते ऐकत राहिले, मधूनमधून सरी सरी, म्हणजे बरं बरं, म्हणाले. इतकी वर्षं इथे राहून त्यांना कन्नडमधलं एवढंच येतं, बाकी काम ते हिंदीत भागवतात. पोहे दोनदा घेतले. मी काय शिकवते असं विचारलं. आतापर्यंतच्या चारांपैकी हे कोणी विचारलं नव्हतं. सांगितल्यावर म्हणाले की इंजिनिअरिंगला संभाव्यतेत ते दोनदा नापास झाले होते, आणि तिसऱ्यांदा कसे पास झाले याचा त्यांना अजून संशय आहे.

मग ते सांगायला लागले की त्यांच्या आईनं सगळ्या निपाणीला सांगून ठेवलंय, सून लाखात एक गणाची येणार. त्यांना स्वतःला त्या गणाचा अर्थ माहीत नव्हता, म्हणून त्यांनी मलाच विचारला. आत्या, मी गप्प बसणार होते, तुझी शपथ. पण समोरचा माणूस एवढ्या साध्या चेहऱ्यानं विचारतोय आणि मी देवीच्या ओंजळींचं काय सांगू? मी सगळं सांगितलं. तक्ता, कंस, चित्रा नक्षत्र, राक्षसगण, चार स्थळं. त्यांनी चष्मा पुसला. मग हसले, आणि म्हणाले की घरी हे मी कळवतो, माझ्या शब्दांत, म्हणजे तुमच्यावर यायचं नाही.

जाताना अप्पांनी त्यांना आमची छत्री दिली. ती परत करायला ते येतील असा माझा अंदाज आहे. येवोत असंही वाटतं. मला ते आवडले, हे तुला सरळ लिहून टाकते, कारण तू आडून आडून विचारत चार पत्रं खर्च करशील.

रागावलीस तरी टाकू नकोस मला.

तुझी,
वसू

॥ श्री ॥

निपाणी,
२० ऑगस्ट १९९४

चि. वसूस आशीर्वाद.

तुझा तो साध्या चेहऱ्याचा माणूस पत्रही साधंच लिहितो. एका परिच्छेदात त्यानं आईला सगळं कळवलं. शिवलीलाबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवल्या आणि मला बोलावलं. गुरुजीही होते. ते आता म्हणतात की शून्य गणात अशी एक पोटशाखा असतेच.

तर ऐक. बाई नाही म्हणत नाहीत. मुलाला तू पसंत आहेस, मुलगा एकतीसचा झाला आहे, आणि सगळ्या गावाला साखर वाटून झाली आहे. त्यांचं मागणं एवढंच आहे की गुरुजी नवी पत्रिका मांडतील, हस्त नक्षत्र, देवगण, आणि त्यावर दादानं आणि तू सही करायची. भाऊबंदांत ती फिरवली की झालं. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिते: "राक्षसगण घरात आला तर आमी बघून घेऊ, पण कागदावर येता कामा नये."

दयानंदनं ते तुझ्यावर सोडलं आहे. म्हणतो, तिला पटेल ते. मला हे पुरुषाचं सोडून देणं फारसं आवडत नाही, पण निदान ओरडला तरी नाही.

तू उलट टपाली हो म्हणून कळव. कागद आहे, वसू. कागदाला कोण विचारतं? मी तुझ्या पाया पडायची बाकी आहे आणि गुडघे दुखतात म्हणून पडत नाही.

हो आलं की माझा जीव भांड्यात पडेल, तोवर आशीर्वाद आहेतच.

तुझी आत्या

श्री

चामराजपेट, बेंगळूर,
२८ ऑगस्ट १९९४

ती. स्व. आत्यास नमस्कार. साष्टांग नाही, आज वाकायला जमणार नाही.

काय माणसं आहेत गं ही. मी राक्षसीण आहे यावर त्यांचा विश्वास आहे. राक्षसीण मुलाला खाते यावरही आहे. तरी मुलगा द्यायला तयार आहेत, फक्त मी त्याला खाल्लं तर देवगणाच्या नावावर खावं. अशी श्रद्धा मी कुठे पाहिली नाही. माझ्या वर्गातली सगळ्यात आळशी मुलगीसुद्धा उत्तर चुकलं तर पुस्तक बदलून आणत नाही.

दयानंद छत्री परत द्यायला आले होते. मी त्यांनाही हेच ऐकवलं. ते म्हणाले की आईपुढे त्यांचं कधी चाललेलं नाही, पण मी सही केली नाही तर ते मला दोष देणार नाहीत. दोष देणार नाहीत. केवढा उदार माणूस. आणि तरी, आत्या, ते गेल्यावर मी दार लावून रडले. हे लग्न मला हवं आहे. सही केली की ते होतं. पेन माझ्यासमोर आहे आणि माझा हात अप्पांसारखा अडतो आहे.

तुला एक विचारू? तू निपाणीत कोणाची भीड ठेवत नाहीस. गुरुजींची, आप्पाजींची, देवळातल्या पंचांची टिंगल करतेस. मग या एका शब्दापुढे तू का गप्प होतेस? पहिल्या पत्रापासून देव लिहा, देव लिहा चाललंय तुझं. माझ्यासाठी एवढंच असेल असं मला वाटत नाही. खरं कारण सांग. ते ऐकून तू सही कर म्हणालीस तर मी करीन, वाद न घालता.

तुझ्याशिवाय मला भांडायला कोणी नाही, हे लक्षात ठेव.

तुझी,
वसू

॥ श्री ॥

निपाणी,
६ सप्टेंबर १९९४

चि. वसूस आशीर्वाद.

तू विचारलंस म्हणून लिहिते. हे दादालाही माहीत नाही, त्याला वाचायला देऊ नकोस.

माझं नक्षत्र मघा. तुझ्यासारखाच माझा राक्षसगण. एकोणसाठ साली माझं लग्न ठरलं तेव्हा तुझ्या आजोबांनी गुरुजींकडून पुष्य लिहून घेतलं, देवगण. मी सतरा वर्षांची होते. मला मजा वाटली, देव झाले म्हणून. चौथ्या वर्षी तुझ्या आतोबांना ताप आला. टायफॉईड. एकविसाव्या दिवशी गेले.

सासरच्यांनी मला एका शब्दानं दुखवलं नाही. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या की पोर देवगणाची, तिच्या पायानं काही व्हायचं नाही, आमच्याच लेकाचं आयुष्य तेवढं. असं म्हणून माझ्या पाठीवर हात फिरवायच्या. तो हात मला सोसायचा नाही. मला कोणी बोल लावला नाही, वसू. म्हणून ते काम मलाच करावं लागलं. एकतीस वर्षं रोज, देवापुढे दिवा लावला की पहिली मी त्यांची माफी मागते. इतरांची टिंगल करायला मला तोंड आहे, ते याच्यामुळेच. माणसाला कुठेतरी मोठ्यानं बोलावं लागतं.

मग तुला खोटं लिही का म्हणते, असं विचारशील. कारण ते खोटं नसतं तर माझं लग्नच झालं नसतं. ती चार वर्षं मला त्या कागदानं दिली, आणि ती मी कशाच्याही बदली परत करणार नाही. तुला निदान तेवढी मिळावीत, एवढंच मनात होतं.

पण हे सगळं लिहून काढल्यावर सही कर असं लिहायला पेन उचलत नाही. पुढे घरात कोणी दोनदा खोकलं तरी तू दचकशील आणि कोणाला सांगता यायचं नाही. आता तूच ठरव.

माझ्याशी मात्र पूर्वीइतक्याच हक्कानं भांडत जा.

तुझी आत्या

श्री

चामराजपेट, बेंगळूर,
१३ सप्टेंबर १९९४

ती. स्व. आत्या, तुला माझा साष्टांग नमस्कार, आणि तुझ्या पाठीवरचा तो हात आठवून आणखी एक.

पत्र तीनदा वाचलं. अप्पांना दाखवलं नाही. मी सही करणार नाही. दयानंदना आज तसं लिहून टाकते आहे, आणि तू शिवलीलाबाईंना सांग. जे व्हायचं ते होऊ दे.

आता मी तुझ्याशी बाईसारखी बोलणार आहे, म्हणजे वर्गातल्या बाईसारखी. आमच्या गणितात 'घटना' म्हणजे नुसतं काही घडणं, चांगलं-वाईट त्यात नसतं. दोन घटना 'स्वतंत्र' असतात, म्हणजे एक घडली म्हणून दुसरी घडायची शक्यता तसूभरही वाढत किंवा कमी होत नाही. तू मघावर जन्मलीस ही एक घटना. आतोबा गेले ही दुसरी. त्या तू एकतीस वर्षं एकाच दोरीत बांधून ठेवल्या आहेस. दोरी तुझी आहे.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस, मोजून बघ. बायकांत राक्षसगणाच्या साधारण एकतृतीयांश असतात, हे तुला मागे लिहिलं. राक्षसगणानं नवरे जात असते तर नवरा गेलेल्या बायकांत त्या एकतृतीयांशाहून पुष्कळ जास्त निघायला हव्यात. जवळजवळ सगळ्याच निघाल्या तर मी शाळा सोडून तुझ्या गुरुजींकडे शिकायला बसेन. पण तिथेही एकतृतीयांशाच्या आसपासच निघाल्या तर गणाचा आणि मरणाचा काही संबंध नाही. पाच-सहा जणींवर थांबू नकोस, तेवढ्यांत काहीही निघू शकतं. जितक्या जास्त विचारशील तितकं खरं. क्लासात, देवळात, बाजारात, तुला कोण नाही म्हणणार आहे?

माझं लग्न राहू दे बाजूला. तू हे माझ्यासाठी कर.

तुझ्या उत्तराखेरीज मला या महिन्यात काही नको.

तुझी,
वसू

॥ श्री ॥

निपाणी,
२० ऑक्टोबर १९९४

चि. वसूस आत्याचे पोटभर आशीर्वाद.

उत्तराला महिना लागला, कारण तू घातलेलं काम तेवढं होतं. निपाणीत माझ्याबद्दल आता असं बोललं जातं की म्हातारी दुसऱ्या लग्नासाठी पत्रिका जमवते आहे. मी नाही म्हटलं नाही, लोकांना दसऱ्याला तेवढीच करमणूक.

मला धरून नवरा गेलेल्या एकूण एकतीस जणी झाल्या. तेरा जणींना आपला गण माहीतच नव्हता. त्यांचे नवरे तरीही गेलेच. उरल्या अठरा, मला धरून. देव सहा, मनुष्य पाच, राक्षस सात. मला सोडून राक्षस सहा. मी दोनदा मोजलं, मग क्लासच्या वहीत लिहून पुन्हा मोजलं. अठराचा तिसरा हिस्सा सहा, एवढं गणित मलाही येतं. वहीतल्या देवगणाच्या त्या सहा नावांकडे मी बराच वेळ बघत बसले होते. त्यांच्यापैकी एकीलाही कोणी काही विचारलं नसेल.

मग शिवलीलाबाईंकडे गेले. तू सही करणार नाहीस हे आधी सांगितलं. मग माझं सांगितलं, मघा, पुष्य, सगळं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तोंडानं बोलले. आणि वही उघडून आकडे दाखवले. त्यांनी पान नीट पाहिलं. उठल्या, सोप्याचं दार ओढून घेतलं, आणि हळूच म्हणाल्या, "आमचं धनिष्ठा हाय." धनिष्ठा म्हणजे राक्षसच. त्यांच्याही बापानं ते लपवलं होतं. सेहेचाळीस वर्षं संसार झाला, आणि आप्पाजींना शिंक आली तरी त्या मारुतीला तेल घालतात. दाराबाहेर आप्पाजी तंबाखू मळत बसले होते, सत्तरीचे आहेत, चहाला उशीर का म्हणून ओरडत होते. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसलो की ते दार वाजवायला लागले.

मुहूर्त मार्गशीर्षातला धरला आहे. पत्रिका तुझी तीच, चित्रा, राक्षसगण. दयानंद दसऱ्याला आला होता. आईनं त्याच्यापुढे वहीतलं पान ठेवलं. तो बराच वेळ वाचत होता, मग मला म्हणाला की संभाव्यता आपल्याला आज पहिल्यांदा कळली. मी म्हटलं, मलाही. गुरुजींना मी नारळ दिला आणि शून्य गणाच्या पोटशाखा आता बंद करा म्हटलं.

आणखी एक. परवा दिवा लावला आणि सवयीनं हात जोडले. माफी मागायला तोंड उघडलं, तर मागायला काही सापडेना. नुसती उभी राहिले. मग त्यांचं तोंड आठवलं, तापात सुकलेलं नव्हे, त्याच्याही आधीचं. ते मला इतक्या वर्षांत आठवलं नव्हतं. खूप रडले, पण बरं वाटलं.

तुझ्या आतोबांना टायफॉईड झाला होता, वसू. नुसता टायफॉईड झाला होता.

तुझी आत्या,
सकवार